फुकटची गाडी

बी.ए.च्या मुलांना मी अमेरिकेतल्या रेल्वेचा धडा शिकवतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांलगतची जमीन खिरापतीसारखी वाटली, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना हुसकावून लावलं, आणि रूळ जिकडे वळले तिकडे गावं उभी राहिली, जिकडे वळले नाहीत तिकडची ओस पडली. मुलं लिहून घेतात. परीक्षेला येईल का, एवढंच विचारतात. माझं मात्र दर वर्षी या धड्याला डोकं फिरतं. मी मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीच्या रुळाकाठी वाढलो, आणि ती गाडी बंद पडल्यावर माझी मोठी बहीण घरचा मळा असून मजूर झाली.

ती गाडी काही आमच्यावर माया म्हणून आली नव्हती. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा साहेबाला वऱ्हाडाची खरी किंमत कळली आणि पुढे या मुलखात रूळ पसरत गेले. आधी कापसाच्या गाठी चढल्या, माणसं नंतर. पण चढली ती अशी की गाडी घरचीच होऊन गेली. बहीण मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी टोपल्यांत भरून स्टेशनावर यायची. तिला उशीर झाला तर डब्यातल्या बाया गार्डला थांबायला सांगायच्या आणि तो थांबायचा. मूर्तिजापूरच्या बाजारात भाव ती सांगायची, भांडायचीही तीच. नवरा लवकर गेला, तरी दोन पोरी तिने त्या टोपल्यांवर शिकवल्या. भावाच्या दारात कधी हात पसरला नाही.

तिकीट मात्र आमच्या गावात कोणी काढत नसे. गार्ड एकदा मागायचा, बाया हसायच्या, तो कंटाळून पुढच्या डब्यात जायचा. यात कोणाला चोरी वाटत नव्हती. शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसल्यावर भाडं कोण देतं? भाजीवाली फुकट, मास्तर फुकट, सरपंच तर फुकटच.

गाडी बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा गावाने ओरड केली आणि रेल्वेचा एक साहेब पाहणीला आला. चांगला बोलणारा होता, तेच वाईट झालं. दटावणारा असता तर आम्ही सावध तरी राहिलो असतो. या गाडीने कोण कोण जातं, असं त्याने विचारलं. साऱ्या गावाने हात वर केले. मोटारीतून आलेल्या आमच्या पुढाऱ्याचा हात सगळ्यांत उंच. मग साहेबाने शांतपणे विचारलं की तिकीट कोण कोण काढतं. माना खाली गेल्या. बहीण तेवढी पुढे झाली.

"तिकीट काहून काढाव, साहेब? गाडी आमची होय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. साहेब हसला, चहा प्याला आणि गेला. सरकारी हिशेबात त्या गाडीत कोणी बसतच नव्हतं. रिकामी गाडी बंद करायला कोणाला विचारावं लागतं?

एसटीचा कंडक्टर टोपल्या चढू देईना. ऑटो केली तर भाजीचे पैसे भाड्यातच जायचे. मग व्यापाऱ्याचा टेम्पो मळ्याशी येऊ लागला. भाव तो सांगायचा आणि ही जमिनीकडे बघत माल भरायची. तीच मेथी मी राहतो त्या शहरात, जठारपेठेच्या बाजारात येते तेव्हा तिचा भाव ऐकून माझं रक्त उकळतं. शेवटी बहिणीने भाजी लावणंच सोडलं आणि मळा ठोक्याने, वर्षाच्या ठरीव रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिला. आमच्या पुढाऱ्याचं काही बिघडलं नाही. निवडणूक आली की त्याच्या भाषणात गाडी येते, मतदान झालं की जाते.

अमेरिकेतही फुकटे होते. पण तिथे फुकटचा पास आमदाराला, न्यायाधीशाला, वर्तमानपत्राच्या संपादकाला मिळायचा, म्हणजे कंपनीविरुद्ध त्यांचं तोंड उघडू नये. शेतकरी मात्र धान्याचं भाडं भरून भरून मेटाकुटीला आला होता. म्हणूनच तो चिडला, संघटना बांधली, आणि काही राज्यांत तरी भाड्याला लगाम घालणारे कायदे करून घेतले. पैसे मोजणाऱ्याला भांडायला तोंड असतं. आम्ही फुकटात बसून आमचं तोंड आमच्याच हाताने शिवून घेतलं.

हे सगळं मी मागच्या दिवाळीत बहिणीला सांगितलं. वर्गात सांगतो तसंच, हातवारे करून. ती ओसरीवर भाकर खात होती. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. चूक कुठे झाली ते मी नीट पटवून दिलं, असं मला वाटलं.

"बरं," ती म्हणाली, "काढीन ना मी तिकीट. रोज काढीन. तू गाडी आनून दे."

तिने हात धुतला, कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि लोकाच्या वावरात निंदायला निघून गेली.