शहाणपणाचा दाखला

माझ्या थोरल्या भावाला सगळा गाव 'वायसर' म्हणतो. नळ दुरुस्त करतो तो. कुणाचा नळ गळला की हा पिशवी घेऊन हजर, आणि नवीन वायसर बसवता बसवता त्या घरातलं भांडणही मिटवून येतो. सासवा-सुना, घरमालक-भाडेकरू, सगळे त्याचं ऐकतात. मी त्याची बहीण, पण माझं कुणी ऐकत नाही, कारण माझा राग कायम नाकावर.

आमच्या भागातला सरकारी दवाखाना बंद करायचं राजधानीत ठरलं आणि खासदार तोंड लपवून बसले. लोक जाम चिडले. निवडणूक लागली तशी माणसं आमच्या स्वयंपाकघरातच येऊन बसली. "वायसर, या खेपेला संसदेत तूच जायचं."

दादा म्हणाला, "मी? अरे, मी वेडा आहे."

सगळे खो खो हसले. आई मात्र चहा गाळता गाळता थांबली.

कारण कोर्टाच्या कागदावर तो खरंच वेडा होता. आम्ही दुसऱ्या गावी राहायचो तेव्हाची गोष्ट. दादा विशीतला. संपाच्या गर्दीत त्यानं कारखान्याच्या साहेबाला पान्हा फेकून मारला, साहेबाचं डोकं फुटलं. तुरुंग ठरलेलाच होता. वकिलानं वाट काढली, आणि आईनं कोर्टात शपथेवर सांगितलं, पोरगा वेडा आहे, भिंतींशी बोलतो, माती खातो. कसली माती अन् काय! घासाला खडा लागला तर ताट सरकवणारा माणूस तो. कोर्टानं त्याला आईच्या ताब्यात दिलं, आम्ही गाव सोडलं. सुटला, पण लग्न झालं नाही त्याचं. कुठून विचारणा आली की आईच मोडता घालायची, बोभाटा होईल म्हणून. शाळेत शिकवणारी एक बाई होती, तिच्याकडचा नळ जरा जास्तच बिघडायचा. तीही कंटाळली शेवटी. भली होती बिचारी.

निवडणूक कचेरीत दादा स्वतःच विचारायला गेला. नियम सरळ होता. कोर्टानं वेडा ठरवलेल्याला संसदेसाठी उभं राहता येत नाही. आधी कोर्टातून तो शिक्का पुसून आणा, मग अर्ज भरा.

"गुपचूप भर की अर्ज," मी म्हटलं. "कोण बघायला येतंय?"

"शपथ घ्यावी लागते. या घरात एक खोटी शपथ झाली, तेवढी पुरे."

आई तिथेच होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

डॉक्टरांनी त्याला ठणठणीत शहाणा लिहून दिलं. पण न्यायाधीशांना आईचंही ऐकायचं होतं, कारण त्याला सांभाळायची जबाबदारी कोर्टानं तिच्यावर टाकलेली. मी तिच्याकडून घोकून घेतलं. "माझा मुलगा शहाणा आहे." भाजी निवडतानाही ती तेच पुटपुटायची.

कोर्टात दाराशी पोलीस उभा होता. आईची नजर त्याच्यावरून हलेना. न्यायाधीश चांगले होते, मायेनं बोलले. "आजी, घाबरू नका. तेव्हा साहेबांना पान्हा यानंच मारला होता ना?"

झालं! आईनं हात जोडले.

"वेडाच आहे हो साहेब. अजून भिंतींशी बोलतो. त्याला आत टाकू नका, मी नेते घरी."

मी ओरडायला उठले, तर दादानं माझा हात धरून मला खाली बसवलं. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. तोवर अर्ज भरायची मुदत संपून जाणार होती. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले तेच ते उभे राहिले, त्यांतलाच एक निवडून आला. दवाखान्याला आता कुलूप आहे. मी तिथून जाते तेव्हा अजून जीव हळहळतो, आणि कुणावर चिडावं तेच कळत नाही.

त्या दिवशी कोर्टातून घरी आल्यावर आईनं दादाला जेवायला वाढलं. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "बघ, याही खेपेला सोडवून आणलं की नाही तुला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादानं माझ्याकडे बघून मान हलवली.

"आणलंस हो आई," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.