रद्द केलेला नमुना

मी चुंबकीय नॅनोकणांवर काम करायचे. लोहाचे हे अतिसूक्ष्म कण औषध घेऊन हवे तिथे नेता येतील, अशी आमची आशा. पण ते पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि कधीकधी ते फाडतात. किती फाडतात हे पाहायला आम्ही रक्त वापरायचो. तांबड्या पेशी फुटल्या की नळीतलं वरचं पाणी लाल होतं. तुलनेसाठी एक नळी बिनकणांची ठेवायची. ती स्वच्छच राहायला हवी.

रक्त द्यायला आमच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा नेहमी तयार. खडकीहून यायचे, बाही वर करून म्हणायचे, "घ्या मॅडम, घरचंच आहे."

त्यांची बिनकणांची नळी तिन्ही वेळा लाल झाली. पहिल्यांदा मी सुईला दोष दिला, दुसऱ्यांदा यंत्राला. तिसऱ्यांदा शेजारी माझ्या रक्ताची नळी नितळ होती, म्हणजे सबबी संपल्या होत्या. कण नसताना यांच्या पेशी का फुटतात, हा प्रश्न मला पडला होता. पण निकाल द्यायची घाई होती. वहीत 'नमुना अयोग्य' लिहिलं आणि मामांना सांगितलं, "तुमचं रक्त आमच्या कामाचं नाही."

त्याच दिवसांत ते लेकीची काळजी सांगायचे. आठ वर्षांची पोर, पांढरीफटक, एक जिना चढली की बसायची. घरी सगळे म्हणत, जेवणाची नाटकं आहेत. मीही अक्कल पाजळली: मंडईतून बीट आणा, लोहाचं टॉनिक द्या.

दोन वर्षांनी तिला कावीळ झाली, तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी मुळापासून तपासलं. पोरीच्या तांबड्या पेशींचं आवरणच जन्मतः कच्चं होतं. वडिलांकडून आलेलं. दोन वर्षं ती ताटावर बसून बोलणी खात होती, आणि कारण माझ्या वहीत पडून होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मामांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. "म्हणजे तेव्हा तुमच्या नळ्या माझ्यामुळेच बिघडायच्या का हो?"

"हो," मी म्हणाले.

ते ओशाळले. "तीन-तीनदा काम वाया गेलं तुमचं. माफ करा मॅडम."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "असू द्या, मामा."