तो आला, एवढंच

तुमसरहून परत येताना वरठीला गाडीतून उतरले, तर माझे यजमान सायकल घेऊन उभे. "ताई गेली," म्हणाले. मी हातातली पिशवी कॅरिअरला बांधली, दोरी नीट बसली का ते पाहिलं आणि आम्ही भंडाऱ्याला घरी निघालो. कावीळ झाली होती, पण उतरते आहे असं डॉक्टर म्हणत होते... ती गेली त्याला आता दीड महिना होत आला. मला रडू अजून आलेलं नाही.

इंदूताई माझी मोठी नणंद. आमचं घर विणकरांचं, तिला दिलं मात्र सिहोऱ्याला, धानाची शेती असलेल्या घरात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माहेरी परतलेलीच होती. डावा हात कोपरातून सरळ होत नसे. कसा मोडला ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तीच एकदा म्हणाली, "मुसळानं मारलं होतं," आणि पुढची कांडी घेतली.

नवरा तिला न्यायला यायचा. न्यायला म्हणजे ओढायला. एकदा भर गल्लीत केस धरून कोपऱ्यापर्यंत नेलं, तेव्हा यजमानांनी वकील गाठला. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. तहसीलदारसाहेबांनी नवऱ्याकडून वर्षभर शांतता राखण्याची हमी लिहून घेतली, आणि वकिलाने आग्रह धरून त्यात तिच्या माहेरी पाऊल ठेवणार नाही, हेही घालून घेतलं.

दिवाळी झाल्यावर तो आला. धुतलेलं धोतर, हातात नव्या धानाच्या पोह्यांची पुरचुंडी. अंगणातल्या खाटेवर बसला. सासूबाईंनी पाणी दिलं. "इंदू, चालतं का घरी?" त्याने हळू आवाजात विचारलं. ताई बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि चपला घालू लागली. मला वाटलं, निघाली त्याच्याबरोबर...

"चाल वो माझ्यासंगं कचेरीत," ती मला म्हणाली.

सासूबाई आडव्या आल्या. "जावईबापू गोड बोलून राहिले. हातबी नाही लावला. काहून जातं कचेरीत?"

"हात नाही लावला, पण आला ना? येणार नाही असं त्यानं लिहून देल्लं होतं."

कचेरीतल्या बाबूने विचारलं, "मारलं का, बाई?"

"नाही."

"मग?"

"मंग मारल्यावर येऊ काय, साहेब?"

तो थोडा वेळ तिच्या कोपराकडे पाहत राहिला. मग तक्रार लिहून घेतली.

चौकशीत मलाही उभं केलं. तो आला होता, खाटेवर बसला होता, एवढंच मी सांगितलं. त्याचा वकील पुन्हा पुन्हा पोह्यांचं काढत होता, माणूस खाऊ घेऊन आला म्हणून. तहसीलदारसाहेबांनी ऐकून घेतलं, आणि हमीची उरलेली मुदत त्याने तुरुंगात काढावी असा हुकूम दिला. बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "भूक लागली मले."

सासूबाई पोळ्यापर्यंत लेकीशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला आत घालणारी म्हणून गल्लीतल्या बायकांनीही हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. ताईने त्याचं दुःख केलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ती कांड्या भरत राहिली. तो सुटला, सिहोऱ्याला गेला आणि पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

हुकूम होण्याआधी दुपारी डुलकी घ्यायची तर ताई भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसल्या बसल्याच घ्यायची. हुकूम झाला त्या दिवशी घरी येऊन जेवली, मधल्या खोलीत पदर अंथरला आणि उघड्या दाराकडे पाठ करून झोपली. पुढे रोज तशीच. आताही दुपारी भांडी आवरून मी मागच्या खोलीत जाते, ती मधल्या खोलीतली ताईची निजायची जागा सोडून, भिंतीच्या कडेकडेनं... पायाचा आवाज होऊ न देता.