एकाच आडनावाची अडतीस माणसं

कामाला निघताना शिंप्याकडे काजं-बटणं करणारी मावशी दारावरची आडनावाची पाटी ओल्या फडक्यानं पुसायची. पत्र येत नव्हतं, पाहुणा फिरकत नव्हता, तरी पाटी लखलखीत. वडील अनाथाश्रमात वाढलेले. आजोबा गाडी हाकायचे आणि तापाच्या साथीत गेले, यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. सख्खं, चुलत, लांबचं असं तिला कुणीच नव्हतं. शिंप्याच्या दुकानातले मावशी म्हणायचे, तेवढंच नातं.

साठीला टेकल्यावर ती सुट्टीच्या दिवशी दफनभूमीच्या कचेरीत जाऊन बसू लागली. जुन्या नोंदवह्यांत आपलं आडनाव शोधायचं होतं.

"लोक जित्याजागत्या नातेवाइकांना टाळतात, मावशी," तिथला कारकून म्हणायचा, "आणि तुम्ही मेलेले हुडकताय!"

"मेलेल्यांचं बरं असतं. चहा टाकावा लागत नाही."

साथीच्या वर्षाची वही उघडली आणि घबाडच हाती लागलं. तीन महिन्यांत तेच आडनाव अडतीस वेळा! पुढे कुठे नाव, कुठे नुसतं 'बाई' किंवा 'पोर, वय अंदाजे चार'. मावशीनं दुकानातून कापड बेतायचा खाकी कागद आणला आणि वयं जुळवून काका, आत्या, पणजी मांडल्या. त्या पोराला तिनं धाकटा काका ठरवलं.

"अडतीस माणसं, मास्तर! एका घरात मावली नसती."

"तरीच तुमची काजं वाकडी यायला लागलीत," शिंपी हसला.

कारकुनाला मात्र खुपत होतं, की एकाच घरचे एका दिवसात अकरा कसे? त्यानं वहीचं शेवटचं पान पाहिलं. जुन्या कारकुनानं तिथे लिहून ठेवलं होतं: ज्यांच्या घरचं कुणी आलं नाही, त्यांना मढी आणणाऱ्या गाडीवानाचं आडनाव लावलं आहे.

तीन आठवडे त्याची जीभ रेटली नाही. चौथ्या आठवड्यात त्यानं सांगितलं. "शेवटची नोंद त्या गाडीवानाची, म्हणजे तुमच्या आजोबांची. अडतिसांतली तेवढीच तुमची."

मावशीनं खाकी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "बाकीच्यांचं कुणीच आलं नाही?"

"नाही."

"मग राहू देत माझ्याकडेच."

पुढची सहा वर्षं ती दर सुट्टीला त्या ओळीतलं गवत काढायची. तिथे नावं नव्हती, नुसते आकड्यांचे दगड होते.

एका हिवाळ्यात, काजं करता करताच ती गेली. शिंपी तिला घेऊन आला. नात्याच्या रकान्यात काय सांगावं, त्याला सुचेना. कारकुनानं तो रकाना तसाच सोडला आणि तिला त्याच ओळीत जागा दिली, पोराच्या शेजारी.

आदल्याच सुट्टीला फाटकाशी थांबून ती त्याला म्हणाली होती, "आमच्या धाकट्या काकाच्या दगडाशी पुन्हा गवत माजलंय. पुढच्या खेपेला कात्री आणते. मास्तरांची नको, तिची धार जाते."