भरल्या हंड्याची वाट

मालन चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि तिचा नवरा शालिग्राम सुजलेल्या गुडघ्यांना तापल्या विटेचा शेक देत होता, एवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर मोजणीची साखळी घेऊन विश्वासराव ओव्हरसियर उभे. देवासच्या टेकडीवर देवीपर्यंत दगडी पायऱ्या बांधायच्या होत्या.

"पुजारी म्हणाले, टेकडी तुझ्याइतकी कुणी चढलेलं नाही. वाट तूच दाखव."

"चढतात की तेबी. रिकाम्या हातानं," मालन म्हणाली आणि हात धुऊन निघाली.

"देखो साहेब," शालिग्राम आतून ओरडला, "हिच्या मागून चाला, पुढं जाऊ नका!"

पंधरा वर्षं ती देवीचं पाणी डोक्यावर वाहत होती. निम्म्या वाटेवर शालिग्राम थांबायचा, हंडा उतरवून घ्यायचा. तिचा दम परतला की पुन्हा चढवून द्यायचा. दिवाळीपासून त्याचे गुडघे धरले होते. आता एका दमात चढावं लागे. या महिन्यात दोनदा निम्म्यावरनं मागं फिरली, तेव्हा पुजारी म्हणाले होते, "जमत नसेल तर दुसरी बाई बघतो."

टेकडीवर मालन पुढे, साखळी ओढत विश्वासराव मागे.

"इकडून सरळ नेली, तर पायऱ्या कमी लागतील," ते धापा टाकत म्हणाले.

"लागतील कमी. पण पावसाळ्यात निम्मी टेकडी इकडूनच खाली येते. मावळतीच्या अंगानं वळवून न्या. दगड पक्का आहे, अन् सकाळच्या खेपांना सावलीबी."

विश्वासरावांनी दगडावर टाच आपटून पाहिली, जरा विचार केला आणि तिने दाखवलेल्या वाटेने चुन्याच्या खुणा करत गेले. निम्म्यावर एका सपाट जागी त्यांनी मागच्या कातळावर गुडघ्याइतक्या उंचीवर रेघ ओढली.

"इथे तुझ्यासाठी ओटा. बस निवांत."

मालन पदर तोंडाला लावून हसली. "भरला हंडा घेऊन बसले, तर उठवायला तुम्ही येणार?"

विश्वासरावांनी रेघ पुसून टाकली. आजवर त्यांनी बांधलेले सगळे ओटे बसणाऱ्यांचे होते.

"मग कसा हवा?"

ती कातळाला पाठ लावून ताठ उभी राहिली. "हंडा डोक्यावरनं सरळ ओट्यावर सरकवता आला पाहिजे, अन् दम खाऊन एकटीला परत घेता आला पाहिजे. बाकी पायऱ्या तुम्हाला वाटेल तशा बांधा, साहेब. हा एक ओटा तेवढा माझ्या खांद्याइतका उंच करा."