परक्यात न धरलेला पाहुणा

ती केस अजून आठवते, आणि आठवली की चोरापेक्षा मला माझाच जास्त राग येतो. तेव्हा मी गोव्यात पेडणे तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. माणूस कसा ओळखावा हे आता आपल्याला कोणी शिकवायला नको, असं वाटण्याचं ते वय.

कोरगावातले एक निवृत्त मास्तर बायकोसह फिर्याद द्यायला आले. देवखोलीतल्या पेटीतून देवीचा चांदीचा मुखवटा आणि सोन्याचा हार गेला होता. पेटी फक्त शुक्रवारी उघडायची, म्हणजे चोरी त्या आठवड्यातली. पंचनाम्याला गेलो. पेटीला कुलूप नव्हतंच, नुसती कडी. खिडक्या धड, कौलं धड. चोर दारातून आला आणि दारातूनच गेला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, आठवड्यात घरात कोणी परका माणूस आला होता का? मास्तरीणबाई नाही म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, न्हाणीघरात लादी बसवायला गवंडी येतो, तेवढाच.

गवंडी घाटावरच्या चंदगड तालुक्यातला, पन्नाशी ओलांडलेला. दुसऱ्याच दिवशी धारगळहून खबर आली. हायवेवर चहाचा गाडा लावणारा एक जण आम्हाला अधूनमधून बातम्या द्यायचा. त्याने सांगितलं, या गवंड्याने गुरुवारी एक गाठोडं गावाकडच्या टेम्पोवाल्याच्या हाती पाठवलं. मला आणखी काय हवं होतं? आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत.

त्याला ठाण्यात बोलावलं. गाठोड्यात साड्या होत्या म्हणाला, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, “तू इचारलास कुठं?” माझं डोकं फिरलं. त्या भागातला माणूस जेवलास काय असं विचारतो तेव्हाही भांडायला उठल्यासारखा वाटतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिवाय आम्ही पेडण्याची माणसं घरात बापालाही तू म्हणतो. पण अंगावर युनिफॉर्म चढला की ‘तू’ वरून खालीच जावा अशी आपली अपेक्षा असते. मी त्याच्या नावापुढे मनातल्या मनात उर्मट असं लिहून टाकलं, आणि एकदा उर्मट ठरवला की चोर ठरवायला फार वेळ लागत नाही.

तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं, मधूनमधून आत घेऊन तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायचा आणि संध्याकाळी सोडायचं, असं चाललं. तो दिवसभरात काय काय केलं ते तासवार सांगायला लागला की मी त्याला तोडायचो, फालतू सांगू नकोस म्हणून. टेम्पोवाल्याने साड्यांना दुजोरा दिला. मी म्हटलं, साड्यांच्या घडीत हार जात नाही काय? इकडे कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस लावला आणि वर गावाकडे फोनही केला. तिसऱ्या दिवशी गवंड्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“सायेब, बातमी गावात गेली. व्याही म्हनतोय, पोलिसानं धरलेल्या मानसाची पोरगी नगो. माझं काय व्हायचं ते हूं दे. तिचं लगीन मोडू नगंस.”

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण असे कापरे आवाज मी पुष्कळ ऐकले होते. त्याला परत बाकावर बसायला सांगितलं.

आमच्याकडे डिचोलीची एक महिला हवालदार होती. तिने स्टाफच्या चहातला एक कप त्याला नेऊन दिला आणि मामा म्हणून दोन शब्द बोलली. एवढ्यावर तो मोकळा झाला. म्हणाला, हितं तरी चहा येळेवर मिळाला. मास्तरांच्या घरी बुधवारी दहाचा चहा बारा वाजता आला, पाहुणा आला होता ना. ती तशीच माझ्या टेबलाशी आली.

“सर, बुधवारा त्यांगेर एक पावणो आयिल्लो. तांणी तुमकां सांगलां?”

कोणीच सांगितलं नव्हतं. मी जीप काढून कोरगाव गाठलं. मास्तरीणबाईंना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

“आयलो होतो तो. पण तो परको कसो? बरो शिकलेलो माणूस. चपला दारात काडल्यान, पाय धुल्यान, देवीक नमस्कार घातल्यान. तशा माणसाक तुझा घर खंय म्हणान विचारूक बरां दिसता?”

आमच्या भागात हे नेहमीचं आहे. पिढ्यांपूर्वी गोवा सोडून गेलेल्या घराण्यांतली माणसं आपलं मूळ गाव आणि कुळ शोधत येतात, आणि इथले लोक त्यांना घरच्यासारखं वागवतात. हा पाहुणा तसाच आला होता. प्रत्येक वाक्यात आपण, कृपया, तसदीबद्दल क्षमा. देवीसमोर थोडा वेळ एकांतात जप करायची परवानगी मागितली. बाईंनी स्वतः देवखोलीचं दार लोटून घेतलं आणि शिरा करायला आत गेल्या. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ‘खंयचो? कोणालो?’, कुठला आणि कोणाचा, हाच असतो. गवंड्याला तो पहिल्याच सकाळी विचारला होता. पाहुण्याला विचारायची लाज वाटली.

वर बाईंनी डिचोलीतल्या आपल्या भावकीला फोन करून त्याची ओळखही करून दिली होती. तिथे तो रविवारी यायचा होता. आम्ही दोन माणसं साध्या कपड्यांत त्या घराच्या पडवीत बसवली. तो सांगितल्या वेळेवर आला, चपला काढल्या, हात जोडले आणि सापडला. म्हापशाच्या लॉजवर त्याच्या बॅगेत मुद्देमाल मिळाला. ठाण्यात आणल्यावर त्याने मला इतका अदबीने नमस्कार केला की मी सवयीने म्हणालो, “बसा.” तो बसला. हवालदारबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या बाकाकडे, आणि त्या कागद आणायला गेल्या.

गवंड्याला निरोप देऊन बोलावून घेतलं. चोर मिळाला म्हटल्यावर तो हसलाही नाही. एवढंच म्हणाला, हे माझ्या व्याह्याला सांग. मी त्यांच्या गावच्या पोलीस पाटलाकरवी व्याह्याला फोनवर घेतलं. स्पीकर चालू होता, गवंडी समोर उभा. मी माझ्या ठेवणीतल्या मराठीत सुरुवात केली. आपले व्याही अत्यंत सज्जन गृहस्थ असून त्यांनी तपासकामी बहुमोल सहकार्य केलं आहे, आपण कृपया कोणताही गैरसमज करून घेऊ नये. मग पलीकडून आवाज आला.

“सायेब, लईच ग्वाड बोलालाय तुम्ही. सायेब मानूस ग्वाड बोलाय लागला की आत कायतरी आसतंय. खरं काय ते सांगा.”

गवंड्याचा चेहरा उतरला. माझ्या सगळ्या नोकरीत मी जे वाक्य कोणाला म्हटलं नव्हतं, ते तेव्हा म्हटलं.

“चूक माझी झाली. यानं काही केलेलं नाही. मी त्याला उगाच तीन दिवस बसवून ठेवलं.”

“हां, आसं बोला की,” व्याही म्हणाला. “मग लगीन ठरल्यालं हाय तसंच.”

गवंड्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला डोळे पुसताना पाहून मला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर मी ठाण्यात एक बदल केला. परका कोणी आला होता का, असं विचारायचं नाही. कोण कोण आलं ते विचारायचं, अगदी जावयापासून भटजीपर्यंत. लोक परका कोणाला म्हणतात ते बोलण्यावरून आणि कपड्यांवरून ठरवतात. पोलीसही तेच करतात, फक्त त्याला अनुभव म्हणतात. अदबीने बोलणं वाईट नाही, मीही बोलतो. पण अदब शिकून घेता येते, आणि ज्याला चोरी करायची आहे तो ती आपल्यापेक्षा चांगली शिकतो.

केस डायरीत मी लिहिलं, साक्षीदाराने दिलेल्या माहितीवरून आरोपी निष्पन्न झाला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो साक्षीदार तीन दिवस माझ्या दारात बसून होता आणि मी त्याला बोलू देत नव्हतो, हे मात्र तिथे लिहिलं नाही. ते आज लिहिलं.