उन्हाळ्याचं निमित्त

आमच्या कुत्रीचे केस मी कापून घेतले, ते उन्हाळ्यामुळे नव्हे. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गुडगावच्या नव्या वसाहतीत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या इमारती अर्धवटच होत्या. मी सकाळी कंपनीच्या बसने मानेसरला जायचो, तो अंधार पडल्यावर परतायचो. बायकोशी दिवसभर मराठी बोलायला कुणी नव्हतं. म्हणून कुत्रं. तेव्हा जो तो पॉमेरेनियन पाळायचा. हिला मात्र ल्हासाच हवी होती, जमिनीला टेकणाऱ्या केसांची. गाझियाबादच्या ज्या बाईंकडून पिल्लू आणलं त्यांनी बजावलं, "रोज़ कंघी करनी पड़ेगी, बहनजी. आलस करना हो तो मत ले जाओ."

"मुझे और काम ही क्या है?" बायको हसत म्हणाली. मीही हसलो होतो.

रोज संध्याकाळी ती स्टीलचा कंगवा घेऊन बाल्कनीत बसे. वरवर नाही; केसांचा एकेक थर उचलून, थेट कातडीपासून. "थांब गं बाई, गुंता आहे. झालं, झालं." बहिणीचं सासर, शेजारणीचा तोरा, सगळं त्या कुत्रीला ठाऊक होतं. मला नव्हतं.

मग बहिणीच्या बाळंतपणासाठी ती अमरावतीला गेली. रविवारी फोन यायचा.

"अहो, विंचरता ना तिला?"

"हो."

"कानामागे? काखेत?"

"हो गं, बिल्कुल."

मी दमलेला असायचो, यापलीकडे सांगण्यासारखं कारण नाही. पाठीवरून कंगवा फिरवला की कुत्री नीटनेटकी दिसायची. एकदा ती समोरच्या बांधकामाच्या वाळूत लोळून आली. मी आतले गुंते न सोडवता तिला तशीच न्हाऊ घातली. वाळल्यावर गुंते आवळून केस जाड घोंगडीसारखे अंगाला घट्ट बसले. हात लावला की विव्हळायची. डॉक्टरांनी मशीनने सगळे केस काढले. काखेत कातडी सोलवटली होती.

बायको परतली ती ऐन मे महिन्यात. दारातच थबकली. "अगंबाई! हे काय केलंत?"

"ऊन सोसत नव्हतं तिला," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

ती खाली बसली, त्या उघड्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंत. मला मेलीला इतकी वर्षं सुचलंच नाही."

त्यानंतर होळी झाली की दरवर्षी ती स्वतःच कुत्रीला नेऊन केस उतरवून आणायची. कुत्री दिवाणाखाली जाऊन बसायची. गच्चीवर नेली की केसांचं पांघरूण नसल्याने पाठ भाजून लाल व्हायची. बायको खोबरेल तेल लावायची आणि दिल्लीच्या उन्हाला शिव्या घालायची. कंगवा ड्रॉवरमध्ये गेला. संध्याकाळी ती टीव्ही लावू लागली. मी बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर थांबलं असतं.

कुत्री म्हातारी होऊन गेली, त्यालाही आता बराच काळ झाला. परवा शेजारणीने तसंच झिपरं पिल्लू आणलं. बायको तिला सांगत होती, "गर्मी में बाल उतरवा देना. हमारे इनको सबसे पहले सूझा था."

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ मी शेजारणीला तेवढं म्हटलं, केस उतरवू नका, रोज विंचरा. ते सोपं होतं. बायकोला सांगायचं आहे की उन्हाचा काही संबंध नव्हता, मी विंचरलं नव्हतं, आणि आधी इतकी वर्षं केस राखण्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते अजून सांगितलेलं नाही.